घरचा आहेर

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

आपल्या मराठीत ‘घरचा आहेर’ असा एक मजेदार वाक्प्रचार आहे. परक्या माणसाने दोष काढला तर ती नुसती टीका. पण आपल्याच पक्षातल्या, आपल्याच संस्थेतल्या किंवा आपल्याच भावकीतल्या कुणी चारचौघांत कान उपटले, की वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘अमुक साहेबांना घरचा आहेर’. वाचणाऱ्याला गंमत वाटते. ज्याला तो आहेर मिळालेला असतो, त्याला मात्र रात्री झोप लागत नाही. परक्याचा शब्द अंगावरून ओघळून जातो, आपल्या माणसाचा आत मुरतो. असा आहेर घ्यायचा कसा, याविषयी आज मला बोलायचं आहे. त्यातही एका खास आहेराविषयी. ‘तुला गर्व झाला आहे’ असं आपलीच माणसं म्हणतात, तेव्हा काय उत्तर द्यायचं?

मी असोद्याची. जळगाव शहराला लागून असलेलं हे गाव भरताच्या वांग्यांसाठी खवय्यांना आणि बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझी सगळी नोकरी प्राथमिक शिक्षिकेची झाली, म्हणून गावात मला ‘बाई’ याच नावाने ओळखतात. आमचं घर ख्रिस्ती आहे. आजोबा भुसावळला रेल्वेत होते, त्यांच्यापासून हा विश्वास घरात आला. दर रविवारी आम्ही उपासनेला शहरात जातो.

आमच्या खानदेशात ख्रिस्ती समाज थोडा. पश्चिमेला नवापूर-चिंचपाड्याकडे वस्ती बरीच आहे. इकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे अशा ठिकाणी लहान-लहान मंडळ्या आहेत. लहान समाजाचं एक सुख असतं. कुणाच्या घरी आजारपण असलं तर संध्याकाळपर्यंत दहा डबे पोहोचतात. आणि एक दुःखही असतं. कुणाविषयी कुणी काही बोललं, तर तेही संध्याकाळपर्यंत दहा घरी पोहोचतं. हे केवळ ख्रिस्ती मंडळीतच घडतं असं नाही. एखादी दिंडी घ्या, शिक्षकांची संघटना घ्या, सोसायटीचं संचालक मंडळ घ्या. जिथे माणसं एकमेकांना जवळून ओळखतात, तिथे हे आहेच.

आता ‘गर्व’ या शब्दाकडे जरा पाहू. मराठीत या एका भावनेसाठी किती शब्द आहेत! अभिमान, स्वाभिमान, गर्व, ताठा, तोरा, मिजास, घमेंड. मुलगा दहावीला पहिला आला तर आईला अभिमान वाटतो, तो चांगला. त्याच मुलाने शेजारच्या नापास मुलाकडे पाहून नाक मुरडलं तर ती घमेंड, ती वाईट. वडिलोपार्जित शेत विकायचं नाही म्हणून कुणी उपाशी राहिला, तर काही जण त्याला स्वाभिमानी म्हणतात आणि काही जण ताठर. म्हणजे वागणूक एकच, पण नाव कोणतं द्यायचं ते पाहणाऱ्यावर अवलंबून. मौज अशी, की स्वतःच्या बाबतीत आपण नेहमी ‘स्वाभिमान’ हा शब्द वापरतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘ताठा’.

आम्हा ख्रिस्ती लोकांत तर हा आरोप फारच जड आहे. नम्रता हा आमच्या शिकवणुकीचा पाया. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. म्हणून आमच्याकडे कुणाला चोर म्हटलं तर तो पुरावा मागू शकतो. पण गर्विष्ठ म्हटलं, तर तो काय मागणार? ‘मी गर्विष्ठ नाही’ असं ठामपणे म्हणणं हाच गर्वाचा पुरावा ठरतो! आणि गप्प बसलं, तर आरोप मान्य केल्यासारखं होतं.

या कोड्यात सापडलेली, आपल्या सर्वांच्या ओळखीची एक व्यक्ती आहे. पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी शाळेच्या पुस्तकात आपण काय वाचतो? 1858 साली जन्म, अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या, आईवडील दुष्काळात गेले, भावाबरोबर पायी भारतभ्रमण, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, तेविसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पुढे पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड, 1883 साली बाप्तिस्मा. हिंदू समाजातून त्यांच्यावर झालेली टीकाही आपल्याला माहीत असते. जोतीराव फुल्यांसारखा एखादा त्यांच्या बाजूने उभा राहिला, बाकी टीकेची झोड उठली.

पण दुसऱ्या बाजूची टीका फारशी कुणी सांगत नाही. बाप्तिस्मा झाल्यावर रमाबाई ख्रिस्ती झाल्या, म्हणजे आता ख्रिस्ती लोक त्यांचे ‘घरचे’ झाले. आणि घरच्यांनी लगेच आहेर करायला सुरुवात केली.

रमाबाई वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या मठात, अँग्लिकन भगिनींकडे राहत होत्या. पुण्यातही या भगिनींचं काम होतं, तिथूनच ओळख झालेली. रमाबाई स्वतःच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या पैशांतून इंग्लंडला गेल्या होत्या. वैद्यकी शिकायचं मनात होतं, पण ऐकू कमी येऊ लागल्याने ते राहून गेलं. मग त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्या डॉरोथिया बील. आणि मठात त्यांचं पालकत्व ज्यांच्याकडे आलं, त्या सिस्टर जेराल्डीन. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

या आजीबाईंचं रमाबाईंवर प्रेम होतं, यात शंका नाही. पण त्यांना वाटे, की ही बाई हुशार आहे, मात्र फार स्वतंत्र बुद्धीची आहे, ऐकत नाही, हिला गर्व आहे. हा गर्व त्यांना कुठे कुठे दिसला? रमाबाई शाकाहारीच राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंग खाईनात. हा जातीचा गर्व! गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, मला संस्कृत अक्षरं चालतील, लॅटिन नकोत. हाही गर्व! बीलबाईंच्या मनात होतं, की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला, की याने हिंदुस्थानात हिचं नाव खराब होईल आणि डोक्यात वारं शिरेल. रमाबाईंनी तो विरोध मुकाट्याने मानला नाही. पुन्हा गर्व! त्यानंतर तर धर्मसिद्धांतांवरच वाद झाला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चच्या श्रद्धापत्रिका, यांतलं जे बायबलात मला स्वतःला सापडत नाही, ते केवळ चर्च सांगतं म्हणून मी कसं मानू, असा रमाबाईंचा प्रश्न होता. आता तर गर्वाची कमाल झाली.

हा सारा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो ग्रंथ 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मूळ पत्रं इंग्रजीत आहेत. मी ती हळूहळू, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आणि थक्क झाले. पंचविशी-सव्विशीतली बाई, परका देश, परकी भाषा, राहणं-खाणं दुसऱ्यांच्या आश्रयावर, लहान मुलगी सोबत. आणि तरीही उत्तरं कशी? मी त्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगते.

पुडिंगच्या आरोपाला त्यांनी विनोदाने उत्तर दिलं. माझा गर्व तुम्हाला खाण्यापिण्याच्या जिनसांत शोधायचा असेल तर खुशाल शोधा, मी रोज जो कोळसा जाळते त्यातही शोधा, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. लगेच पुढे एक साधा प्रश्न विचारला. एखादी इंग्रज बाई काही दिवस हिंदूंमध्ये राहिली आणि कुणाला त्रास होत नाही अशा आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला आवडेल का? श्रोतेहो, या प्रश्नात राग नाही, शिवी नाही. फक्त आरसा फिरवून दाखवला आहे.

संस्कृत अक्षरांविषयी त्यांनी सांगितलं, की ही देवभाषा आहे म्हणून मी तिचा हट्ट धरत नाही. ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून धरते. लॅटिन ना मला कळतं, ना माझ्या देशातल्या भगिनींना.

शिकवण्याच्या बाबतीत त्यांनी सांगितलं, की माझ्या देशात मी पुरुषांसमोर बोलत आले आहे आणि तिथे कुणाला ते गैर वाटलेलं नाही. माझ्या देशाची रीत तुमच्यापेक्षा मला अधिक ठाऊक आहे. आणि सिद्धांतांच्या बाबतीत त्या म्हणाल्या, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे; आता लगेच दुसऱ्या जोखडात ती घालण्याची माझी इच्छा नाही.

ही उत्तरं पुन्हा पुन्हा वाचताना माझ्या काही गोष्टी लक्षात आल्या.

पहिली गोष्ट, त्यांनी ‘गर्व’ हा शब्द अख्खा गिळला नाही आणि अख्खा थुंकलाही नाही. त्याचे तुकडे केले. खाण्याचा मुद्दा वेगळा, भाषेचा वेगळा, शिकवण्याचा वेगळा, श्रद्धेचा वेगळा. ‘तू गर्विष्ठ आहेस’ या वाक्याला उत्तरच नसतं. पण ‘तू पुडिंग का खात नाहीस’ याला उत्तर असतं. आरोप स्वभावावर असतो, तेव्हा तो हळूच कृतीवर आणून ठेवायचा. मग बोलता येतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी उत्तर त्याच माणसाला दिलं. गावभर नाही. जेराल्डीनबाईंविषयीची तक्रार जेराल्डीनबाईंनाच लिहिली. हे आपल्याला सर्वांत कठीण जातं. आपण आठ जणांजवळ मन मोकळं करतो आणि जिच्याशी बोलायचं, तिला रस्त्यात पाहून पदर सावरून पुढे जातो.

तिसरी गोष्ट, आपल्यात दोष नाहीच असं त्या म्हणाल्या नाहीत. तुम्ही ज्याला जातीचे पूर्वग्रह म्हणता, त्यांतून मी पूर्ण सुटलेली नाही, हे त्यांनी लिहून टाकलं. पण दोष मान्य करणं वेगळं आणि तो दोष दाखवून कुणी आपली सगळी विचारशक्ती काढून घेऊ पाहत असेल, तर तिला ती देऊन टाकणं वेगळं.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी नातं तोडलं नाही. 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, पुढे स्वतःचं स्वतंत्र काम उभं केलं, पण आजीबाईंशी पत्रव्यवहार चालू राहिला. मनोरमाही काही काळ त्यांच्या देखरेखीखाली वाढली. ज्या बाईने आपल्याला गर्विष्ठ म्हटलं, तिच्या हाती आपली एकुलती एक लेक ठेवायची! याला मन किती मोठं लागतं, ते आयांनाच कळेल.

पण रमाबाईंची कथा इथे संपत नाही. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांसाठी शाळा आणि घर. तिथे कुणावर धर्माची सक्ती नव्हती. आता बघा, दोन्हीकडून मार. काही ख्रिस्ती लोक म्हणू लागले, ही कसली ख्रिस्ती? संस्थेत उघड धर्मशिक्षण देत नाही. आणि हिंदू समाज म्हणू लागला, ही आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करते आणि मुली तिथे जाऊन बसतात. रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही 1893 साली सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. दोन्ही घरांचे आहेर एकाच वेळी आले. त्या बाईने काय केलं? मुलींना शिकवत राहिली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी स्त्रिया-मुलींना घेऊन आली आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. त्यांच्या कामाची ती वास्तू आजही तिथे आहे.

तिथेही टीका थांबली नाही. 1905 च्या सुमारास मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत. अनेक ख्रिस्ती लोकांनी, मिशनऱ्यांनीही नाकं मुरडली, की हा काय गोंगाट? रमाबाईंच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता, की हिंदुस्थानी माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे देवाशी बोलू द्या; त्याने इंग्रजांसारखंच शांत बसून प्रार्थना करावी, असा आग्रह कशासाठी?

आणि याच काळात या बाईने आणखी एक गोष्ट केली. 1907 साली लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितलं, की इंग्लंडमध्ये मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे काही वर्षांनी सापडला. म्हणजे जेराल्डीनबाई म्हणत होत्या, की हिच्या श्रद्धेत काहीतरी उणं आहे, त्यात थोडं तथ्य होतं, असंच रमाबाईंनी एका अर्थी जगासमोर मान्य केलं. पण कधी? कुणी दटावलं तेव्हा नाही. स्वतःला पटलं तेव्हा. टीका खरी असली तरी ती दुसऱ्याच्या घाईने पिकत नाही. ती आढीत ठेवलेल्या आंब्यासारखी आपल्या वेळेनेच पिकते. मात्र ती आढीत ठेवायला हवी, उकिरड्यावर फेकता कामा नये.

आता दुसरं उदाहरण, आमच्या जिल्ह्याच्या जवळचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळक त्या संमेलनाला होते. पुढे त्यांनी बालकवींना नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं, लक्ष्मीबाईंनी त्यांचं पोटच्या पोरासारखं केलं. हेच बालकवी 1918 साली आमच्या शेजारच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली गेले. आमच्या भागातल्या लोकांना म्हणून टिळकांचं घर परकं वाटत नाही.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांची भजनं आजही आमच्या प्रत्येक मंडळीत गायली जातात. पण 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावं, ही कल्पना. हे पुष्कळ ख्रिस्ती लोकांना पटण्यासारखं नव्हतं. म्हातारपणी पगार सोडणं हे घरच्या माणसांनाही सोपं नव्हतं. टिळकांनी वाद घातले, लिहिलं, पण कुणाशी वैर धरलं नाही. 1919 साली ते गेले. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, ते विन्स्लो नावाच्या एका इंग्रज मिशनऱ्याने, आणि मोठ्या प्रेमाने लिहिलं.

लक्ष्मीबाईंची तऱ्हा तर आणखी वेगळी. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं असेल, त्यांना आठवेल. नवरा, सासरा, सोवळं, मिशन, सगळ्यांच्या विसंगती त्यांनी टिपल्या आहेत. पण सर्वांत आधी त्या स्वतःला हसतात. जो स्वतःला हसू शकतो, त्याला ‘गर्विष्ठ’ म्हणताना समोरच्याची जीभ अडखळते. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईने पूर्ण केलं. शाळेत न गेलेली बाई!

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? कारण असा आहेर मलाही मिळाला आहे. मंडळीचं नाव मी घेणार नाही, माणसाचंही नाही, कारण प्रश्न त्यांचा नाही. आमच्या भगिनींच्या प्रार्थनेला खेड्यांतून काही बायका येतात. शेतात राबणाऱ्या, कमी शिकलेल्या. त्या प्रार्थनेला बसल्या की मुक्या होतात. का, तर प्रार्थनेची भाषा पुस्तकी. ‘हे दयाघन प्रभो, आम्ही तुझ्या चरणी नम्र होऊन’ अशी सुरुवात करायची असते, असं त्यांना वाटतं आणि पुढचं वाक्य सुचत नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही घरात लेकीशी जसं बोलता तसं देवाशी बोला. आमच्याकडची लेवा गणबोली किंवा पश्चिमेकडची अहिराणी, जी जिभेवर असेल ती. आणि मी स्वतः तशी प्रार्थना केली. हळूहळू त्या बोलायला लागल्या. एकीने बैलासाठी प्रार्थना केली, एकीने दारू पिणाऱ्या मुलासाठी.

दोन-तीन महिन्यांनी चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, मंडळीतल्या एका वडील माणसाने मला सुनावलं. “बाई, तुम्हाला आता फार समजायला लागलं. उपासनेची रीत पाळकांना कळत नाही आणि तुम्हाला कळते? वेगळेपण दाखवायची ही हौस आहे. नम्रता शिका.” हातात कप तसाच राहिला. त्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी काय बोलते, यावर त्यांचं पुढच्या रविवारी येणं-न येणं ठरणार होतं. माझ्या मानापमानाचा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

मी तिथे एवढंच म्हटलं, “दादा, मी तुमच्या घरी येऊन बोलते.” आणि त्या आठवड्यात गेले. एकटी. त्यांच्या बोलण्याचे तुकडे करून ठेवले होते. पाळकांना न विचारता सुरू केलं, हा मुद्दा रास्त होता. त्यासाठी मी पाळकांना भेटून सगळं सांगेन, असं कबूल केलं आणि तसं केलंही. उपासनेची ठरलेली रीत आम्ही बदललेली नव्हती. ही बायकांची वेगळी बैठक होती, ते समजावून सांगितलं. आणि बोलीभाषेविषयी मी त्यांना विचारलं, “दादा, तुमच्या आईने शेवटच्या आजारात देवाला हाक मारली, ती कोणत्या भाषेत?” ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. त्यांना अजूनही ती भाषा देवघरात शोभत नाही असं वाटतं. पण त्या बायका येतात, बोलतात आणि दादा मला चहा विचारतात. माझ्या दृष्टीने एवढं पुरे.

आणि बोलीभाषेच्या बाबतीत माझ्या पाठीशी आमच्या गावची लेक उभी आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं, तीन लेकरं वाढवायची होती. घरोट्यावर, शेतात त्यांना गाणी सुचत. घरातल्या शिकलेल्या पोरांनी ती टिपून ठेवली. सोपानदेवांनी आईच्या मृत्यूनंतर ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. जी भाषा ‘गावठी’ म्हणून हिणवली जायची, त्याच भाषेतल्या कवयित्रीचं नाव 2018 साली आमच्या विद्यापीठाला दिलं गेलं. तिकडे केडगावला रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर आयुष्याच्या अखेरीपर्यंत केलं. क्रूसावर लॅटिन नको म्हणणारी बाई आणि हे भाषांतर करणारी बाई एकच आहे. तिचा इंग्लंडमधला ‘गर्व’ शेवटी कुणाच्या उपयोगी पडला, ते यावरून दिसतं.

यावरून मी माझ्यापुरती एक पारख ठरवली आहे. माझ्या ज्या वागण्याला कुणी गर्व म्हणतं, त्याचा फायदा कुणाला होतो? केवळ मलाच होत असेल, माझंच नाव, माझीच खुर्ची, माझंच कौतुक, तर बोलणारा बरोबर आहे. त्याचे आभार मानावेत. पण त्याने माझ्यापेक्षा दुबळ्या माणसाला बोलायला जागा मिळत असेल, तर त्या आरोपाला घाबरून मागे फिरू नये. आणि दुसरी पारख अशी, की टीका करणारा उद्या आजारी पडला तर मी त्याच्या घरी डबा घेऊन जाईन का? उत्तर ‘नाही’ असं येत असेल, तर माझ्यात गर्व शिरला आहे, हे मी कुणी न सांगताच ओळखावं.

टीका करणाऱ्यांनाही हात जोडून एक सांगायचं आहे. कुणाला ‘गर्विष्ठ’ म्हणण्याआधी आपण एकदा तपासून पाहावं, की याने आपल्याला न विचारता काही केलं, एवढाच तर आपला राग नाही ना? पुष्कळदा ‘गर्व’ या शब्दाचा खरा अर्थ ‘परवानगी घेतली नाही’ एवढाच असतो. आणि स्त्री असली, नव्याने आलेली असली, गरीब असली, तर तो शब्द जिभेवर अधिक लवकर येतो. जे सांगायचं ते एकांतात सांगावं. चारचौघांत सांगितलेलं खरंही खोट्यासारखं लागतं.

शेवटी आजीबाईंविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. रमाबाईंची ती सडेतोड पत्रं आज आपण वाचू शकतो, ती कुणामुळे? ती जपून ठेवली, जमवली, क्रमाने लावली, ती सिस्टर जेराल्डीन यांनीच. स्वतःला लिहिलेली तिखट उत्तरंसुद्धा त्यांनी फाडून टाकली नाहीत. रमाबाईंचं सगळंच त्यांना अखेरपर्यंत पटलं, असं नाही. पण त्या कागदांचं मोल त्यांनी ओळखलं. टीका करणारी आणि उत्तर देणारी, दोघीही एकमेकींपासून तुटल्या नाहीत, म्हणून शंभरावर वर्षांनी असोद्यातल्या एका मास्तरीणबाईला त्यांच्या भांडणातून काही शिकता आलं.

लग्नात आलेला आहेर आपण उघडून पाहतो, कुणी काय दिलं ते वहीत लिहून ठेवतो, वापरण्याजोगं वापरतो आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की आठवणीने जातो. घरचा आहेरही याच रीतीने घ्यावा, एवढंच मला आज सांगायचं होतं.